टाळी दोनवर आणि चारवर

पत्र: ताई, मी नागपूरच्या मनीषनगरची. पाच वर्षं झाली, जर्मनीत हॅम्बुर्गला विमानं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. वय 34. शाळेपासून गाणं शिकले, विशारद झाले. 2021च्या हिवाळ्यात सगळं बंद होतं तेव्हा इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि व्हिडिओ पाहून रॉक शिकायला लागले. घरी हेडफोन लावून छान वाजतं, सोलोसुद्धा जमतात. मागच्या महिन्यात धीर करून एका बँडकडे गेले. ड्रमरसोबत दोन मिनिटं टिकले नाही. सारखी पुढे पळत होते. वर त्यांच्यातला एक म्हणाला, "तुमच्या देशाचं काहीतरी वाजव ना." खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दारावर चिठ्ठी लावली आहे. आई फोनवर म्हणते, "एवढं गाणं शिकवलं अन् तिकडे जाऊन हे काय करून राहिली?" गिटार विकून टाकू का? – एक विदर्भकन्या, हॅम्बुर्ग

विकू नकोस. निदान पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तरी विकू नकोस.

चिठ्ठीबद्दल आणि आईबद्दल पुढे लिहितेच, पण तुझं खरं दुखणं त्या दोन मिनिटांत आहे. ते मला ओळखीचं वाटलं. 1998 ते 2002 अशी चार वर्षं मी कोलोनला होते. यजमानांची नोकरी होती आणि मला तिथे काम करायची परवानगी नव्हती. दिवस खायला उठायचा. शेजारच्या इमारतीतल्या एका मुलीने विचारलं, आमच्या बँडला बास गिटार वाजवणारं कोणी नाही, शिकशील का? मी हो म्हटलं. नागपूरला असताना मी हार्मोनियमपलीकडे कशाला हात लावलेला नव्हता. तेव्हा पुढचं सगळं मी त्या खोलीत शिकलेली बाई म्हणून सांगते आहे.

तू पुढे का पळत होतीस? बोटं कमजोर म्हणून नाही. सोलो जमतात म्हणजे बोटं तयार आहेत. मला दोन कारणं दिसतात. पहिलं, तीन-चार वर्षं तू रेकॉर्डिंगबरोबर वाजवलंस. रेकॉर्डिंग आपल्याला ऐकत नाही. आपण चुकलो तरी ते चालत राहतं, आपण पुढच्या ओळीला जाऊन गाठतो आणि आपल्याला वाटतं, जमलं. ड्रमर ऐकत असतो. तू घाई केलीस की तोही किंचित सरकतो, त्याने सरकल्यावर तू आणखी सरकतेस, आणि दोन मिनिटांत गाणं कोसळतं. हे खोलीतच कळतं, घरी कधीच कळणार नाही.

दुसरं कारण आपल्या शिकण्यात आहे, आणि ते तुला कोणत्याही व्हिडिओत मिळणार नाही. आपला सगळा जीव समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. आलाप, तान, बोलतान काहीही करा, डोळा समेवर ठेवून करायचं आणि समेवर येऊन वजन टाकायचं. लहानपणापासून हेच अंगात मुरलं आहे. रॉकमध्ये चार मात्रांच्या मापात जोर दोनवर आणि चारवर असतो. स्नेअरचा, म्हणजे काठीने वाजवायच्या छोट्या ड्रमचा, तो फटका. एकवर खाली पायाचा ड्रम असतो, पण अंग हलतं ते दोनवर. आपण एकवर वजन टाकून मोकळे होतो आणि दोन येईपर्यंत थांबायचा धीर राहत नाही. पळण्याचं मूळ तिथे आहे.

केहरवा घे. धा गे ना ति, न क धि ना. आठ मात्रा हाताने मोज. आता उजव्या हाताने मांडीवर पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर थाप दे. तिथे पायाचा ड्रम आहे. डाव्या हाताने तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर थाप दे, म्हणजे पहिल्या "ना"वर आणि "धि"वर. तिथे स्नेअर आहे. झालं, रॉकचा साधा ठेका तुझ्या मांडीवर वाजतो आहे. मला हे कोलोनच्या ट्राममध्ये बसून सुचलं होतं, आणि त्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा ड्रमर माझ्याकडे पाहून हसला.

आता मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टोले देणारं यंत्र. गाणं मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत असेल तर मेट्रोनोम 60वर लाव, आणि त्याचा टोला एक-तीन न धरता दोन-चार आहे असं समज. म्हणजे तू तोंडाने "एक" म्हणशील तेव्हा शांतता, "दोन"ला टोला, "तीन"ला शांतता, "चार"ला टोला. पहिले दोन-तीन दिवस डोकं गरगरेल. टोला सारखा घसरून एकवर जाऊन बसेल. तेव्हा गिटार खाली ठेव आणि नुसत्या टाळ्या वाजव. जमलं की एकच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची जोडणी, धरून वीस मिनिटं वाजव. सोलो महिनाभर बंद. हे तुला जड जाईल, पण बँडमध्ये गिटारवाल्याचा नव्वद टक्के वेळ दुसऱ्याच्या गाण्याखाली ठेका धरण्यातच जातो. तुला ज्या खोलीत शिरायचं आहे तिथे आधी तेच मागतील.

आणि बारा मापांचा ब्लूज पाठ कर. ए सुरात: चार मापं ए, दोन मापं डी, दोन मापं ए, एक ई, एक डी, दोन ए. आपल्या भाषेत सा, म आणि प. प्रत्येक माप चार मात्रांचं, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. शेवटच्या मापात पंचमावर जाऊन परत षड्जावर उतरतात, तेव्हा तुला मुखडा घेऊन समेवर आल्यासारखं वाटेल. जगात कुठेही चार अनोळखी माणसं एका खोलीत जमली आणि कोणाला काहीच सुचलं नाही, तर ती हेच वाजवतात. हे येत असलं की भाषा न येता तू अर्धा तास त्यांच्यात राहू शकतेस.

भाषेवरून आठवलं. जर्मन लोक ज्याला "हा" म्हणतात तो इंग्रजीतला बी, आणि ते ज्याला "बे" म्हणतात तो इंग्रजीतला बी फ्लॅट. व्हिडिओ तू इंग्रजीतले पाहिलेस, तेव्हा हे तुला कोणी सांगितलं नसेल. पहिल्याच तालमीला गिटारवाल्याने मला "बे" म्हटलं, मी पूर्ण बी धरला, आणि बाकीचे तिघं अर्ध्या सुराने खाली. वीस मिनिटं सगळे आपापलं वाद्य पुन्हा पुन्हा सुरात लावत बसले. चूक कुठे आहे तेच कोणाला कळेना. शेवटी ड्रमरने माझ्या बासच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. त्याबरोबर हेही शिकून घे: एफ शार्प म्हणजे "फिस", सी शार्प म्हणजे "त्सिस", आणि ई फ्लॅट म्हणजे "एस". घाईत "एस" ऐकलं की आपल्याला ते सुराचं नावच वाटत नाही. एका कागदावर लिही आणि गिटारच्या पेटीत ठेव.

"तुमच्या देशाचं काहीतरी वाजव" हे वाक्य मलाही ऐकावं लागलं. मला विचारलं होतं की सतार येते का. बहुतेक वेळा ते प्रेमाने, कुतूहलाने म्हटलेलं असतं, मनात धरू नकोस. पण या वळणावर ते मान्यही करू नकोस. तू आज त्यांना यमनची एक तान गाऊन दाखवलीस तर ते खूश होतील, वाहवा करतील, आणि त्यानंतर त्या खोलीत तुझी जागा "भारतातून आलेली पाहुणी" हीच राहील. ड्रमरबरोबर टिकायचं तू शिकणार नाहीस, कारण तुझ्याकडून ते कोणी मागणारच नाही. शांतपणे सांग: आधी मला तुमची गाणी वाजवायची आहेत, माझं नंतर दाखवते. मी असंच सांगितलं होतं, आणि त्यांना ते पटलं होतं.

तुझं स्वतःचं तर आपोआप बाहेर येणारच आहे, आणि ते तुला वाटतं त्याहून खूप मोलाचं आहे. रॉक शिकताना पहिला जो सोलोचा स्केल शिकवतात, मायनर पेंटाटॉनिक, तो म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. आपला धानी. मेजर पेंटाटॉनिक म्हणजे भूप. तुझ्याबरोबर शिकणाऱ्या जर्मन मुलाला त्या पाच सुरांत फिरायला वर्ष लागेल. तू विशारद आहेस, तुझ्या गळ्यात ते कधीचे बसले आहेत. गिटारची तार बोटाने ओढून सूर चढवतात, ती मींड आहे. ती नेमकी कुठे जाऊन थांबायला हवी हे कानाला आधी कळलं पाहिजे. तुला ते कळतं. माझ्या पाहण्यातले कितीतरी चांगले गिटारवाले तिथेच कच्चे होते.

आणखी एक गोष्ट ऐक, मला स्वतःला ती कळली तेव्हा फार आनंद झाला होता. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करायची सोय, लावून पूर्ण मेजर कॉर्ड वाजवली की ती खरखरते, गढूळ होते. गिटारवरचा गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो, कारण पडदे बारा सारख्या भागांत बसवलेले असतात. एरवी तो फरक कानाआड होतो. डिस्टॉर्शनमध्ये तोच फरक मोठा होऊन ऐकू येतो. म्हणून रॉकवाले गंधार काढूनच टाकतात आणि फक्त षड्ज आणि पंचम ठेवतात. त्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. सा आणि प. तुझ्या घरी मनीषनगरला कोपऱ्यात गवसणी घालून उभा असलेला तानपुरा ज्या दोन सुरांत लागतो, तेच दोन सूर हॅम्बुर्गमध्ये अँपमधून, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून, गरजतात. गिटारवर सा-प धर, कमी डिस्टॉर्शनवर लांब वाजू दे, आणि त्यावर नुसता षड्ज लाव. आवाज लाव, गिटार नाही. मग मला लिही काय वाटलं ते.

तुझा गळा हीच बँडला सगळ्यात आधी उपयोगी पडणारी गोष्ट आहे, हे तू पत्रात कुठेच लिहिलेलं नाहीस. गिटारवाले पैशाला पासरी मिळतात. मागून सुरात साथीला गाणारं माणूस मिळत नाही. पुढच्या वेळी बँडला भेटशील तेव्हा पहिल्या वाक्यात सांग की मी ठेक्याची गिटार वाजवते आणि साथीला गाते.

आता खालच्या बाई. गिटारला हेडफोन असताना चिठ्ठी कशाची आली असेल? मला वाटतं, पायाची. तू ठेका धरताना पाय आपटतेस आणि लाकडी फरशीतून तो खाली दणदणतो. जाड गालिचा टाक, पायात लोकरीचे मोजे घाल. आणि चिठ्ठीला चिठ्ठीने उत्तर देऊ नकोस, खाली जा. जाताना घरून आलेली संत्रा बर्फी असेल तर ती घेऊन जा आणि विचार की कोणत्या वेळी त्रास होतो. कायदा तुझ्या बाजूला बराच आहे, पण तो आधी काढू नकोस. ऑग्सबर्गच्या एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ऑक्टोबर 2018मध्ये सांगितलं की घरात वाद्य वाजवणं हा रोजच्या जगण्याचा भाग आहे, ते सरसकट बंद करता येत नाही. साधारण मर्यादा म्हणून कामाच्या दिवशी दोन ते तीन तास आणि रविवारी-सुट्टीला एक ते दोन तास सांगितले, दुपारची आणि रात्रीची शांततेची वेळ सोडून. नोकरी करणाऱ्याला संध्याकाळशिवाय वेळ नसतो, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं. तरी तुझ्या भाड्याच्या करारातली हाउसऑर्डनुंग, म्हणजे इमारतीचे नियम, एकदा नीट वाच, तिथे दुपारची वेळ लिहिलेली असते.

अँप मात्र घरी मोठा करायचाच नाही. त्यासाठी प्रोबेराउम, म्हणजे बँडची तालमीची खोली. दोन-तीन बँड मिळून महिन्याचं भाडं वाटून घेतात. तुझ्या शहरात दुसऱ्या महायुद्धातले काँक्रीटचे बंकर अजून उभे आहेत. फेल्डस्ट्रासेजवळचा 1942चा अजस्र बंकर तू पाहिलाच असशील, त्यात आज संगीताचा क्लब आहे. कोलोनला आमची खोलीही अशाच एका बंकरमध्ये होती. खिडकी नाही, भिंतींना ओल, दारात बिअरच्या रिकाम्या खोक्यांची चळत, आणि खोलीच्या मधोमध कोणाच्या तरी आजीचा जुना गालिचा, ड्रम घसरू नये म्हणून. दर मंगळवारी सात वाजता. बाहेर बर्फ असो, कोणाचं ऑफिस असो, सात वाजता. त्या मंगळवारांनी मला त्या देशात उभं केलं. भाषेच्या वर्गाला जाऊन जे आलं नाही ते जर्मन मी ड्रमच्या मागे बसलेल्या माणसाकडून शिकले.

त्या खोलीत इअरप्लग घालायचे. याबाबतीत मी कडक आहे. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो असं धरतात, आणि दर 3 डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. छोट्या खोलीत ड्रम आणि दोन अँप सुरू झाले की 100च्या आसपास सहज जातं. हिशेब केलास तर पंधरा मिनिटं. तुझे कान विशारदाचे आहेत, ते बिघडले तर गाणंही जाईल. वाद्यवाल्यांसाठी वेगळे प्लग मिळतात, त्यांत सगळे सूर सारखे हळू होतात. तेच घे.

बँड शोधताना जाहिरातीत "आंफेंगर" शब्द बघ, म्हणजे नवशिके. मागच्या वेळी तू बहुधा मुरलेल्या लोकांत गेलीस. वाद्यांच्या दुकानातल्या फलकावर, फोल्क्सहोखशूलेच्या, म्हणजे मोठ्यांसाठीच्या शिकवणी केंद्राच्या, संध्याकाळच्या गिटारच्या वर्गात, कंपनीतल्या लोकांत विचार. इंजिनिअरांत एखादा ड्रमर निघतोच. ब्लूजचं सेशन जिथे चालतं तिथे दोन आठवडे नुसती ऐकायला जा. तिसऱ्या आठवड्यात नाव लिही. पैसे घेऊन वाजवायची वेळ आली, तर मात्र आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात आणि कंपनीत विचारून घे. नोकरीच्या व्हिसावर स्वतंत्र कमाईला वेगळी परवानगी लागते. हौसेने फुकट वाजवायला अडचण नाही.

परकं वाटणं फार मनाला लागलं तर एका संध्याकाळी ग्रोसे फ्राइहाइटच्या गल्लीत चक्कर मार. ऑगस्ट 1960मध्ये लिव्हरपूलची पाच पोरं त्या गल्लीतल्या इंद्रा नावाच्या क्लबात वाजवायला आली होती. आपल्यासारखीच परदेशात, भाषा येत नाही, राहायला एका सिनेमा थिएटरच्या मागची खोली. रात्र रात्र चार-चार, सहा-सहा तास वाजवायला लागायचं. जॉर्ज हॅरिसन सतराच वर्षांचा होता, वय कमी म्हणून नोव्हेंबरात त्याला देशाबाहेर काढलं. तरी बीटल्स पुन्हा त्याच शहरात आले आणि 1962पर्यंत येत राहिले. ते एकत्र वाजवायला तिथे शिकले.

आणि आई. तुझ्या आईचं दुःख गिटारचं नाही असं मला वाटतं. बर्डीवरून सायकलने तुला क्लासला सोडायचं, परीक्षेच्या आधी पहाटे उठून तानपुरा लावून द्यायचा, हे सगळं ज्या बाईने केलं, तिला लेक दूर गेल्यावर गाणं हा एकच धागा उरला होता. तोही सुटला अशी भीती तिला वाटते. तेव्हा तिला रॉक समजावू नकोस. फोनवर डिस्टॉर्शन तर मुळीच ऐकवू नकोस, फोनच्या स्पीकरवर ते खरोखर वाईट ऐकू येतं. डिस्टॉर्शन बंद करून सा-प छेड आणि त्यावर तिच्या आवडीची एक बंदिश गाऊन दाखव. संध्याकाळची वेळ साध, तिचा देवापुढे दिवा लावून झाला असेल तेव्हा.

तिला वसंतराव देशपांड्यांची आठवण करून दे. मूर्तिजापूरला जन्मले, नागपूरला वाढले, शंकरराव सप्र्यांकडे शिकले, मग थेट लाहोरला जाऊन तिथलं गाणं शिकून आले. पुढे कित्येक वर्षं लष्करी हिशेब खात्यात नोकरी करता करता गायले. नाट्यसंगीत गायले, ठुमरी गायले, गझल गायले. सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाच्या सभागृहात तुझ्या आईने कित्येक मैफली ऐकल्या असतील. दूरगावी जाऊन दुसऱ्यांचं गाणं शिकणारी तू नागपूरची पहिली नाहीस, हे तिला तुझ्यापेक्षा लवकर पटेल.

रोज पंधरा मिनिटं गाण्याचा रियाज सुरू ठेव, आणि तो आईला सांग. गिटारच्या आधी कर, नंतर नको. नंतर होत नाही.

दिवाळीला आलीस तर गिटार आणायची गरज नाही, विमानात उगाच जिवाला घोर. माझ्याकडे एक पडलेली आहे, बासही अजून वाजतो. रविवारी ये. चारनंतर ये, त्याआधी आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा झोपलेले असतात.